एनॅमल प्रकल्पाच्या नोंदी: ग्रेते प्रित्स किट्टेलसेन आणि एक निळा वाडगा

१४ जानेवारी, ओस्लो

एनॅमलचा संध्याकाळचा कोर्स आज सुरू झाला म्हणून नोंदीही आजपासून. आठवड्यातनं एक संध्याकाळ, अडीच तास, मे अखेरपर्यंत. प्रकल्प काय ते आधीच लिहून ठेवते म्हणजे पुढे भरकटायला नको. तांब्याचा एक वाडगा करायचा, साधारण १४ सेंटीमीटरचा, आतून एकाच रंगाचं एनॅमल, नक्षी अजिबात नाही. आणि जिच्यामुळे हे सगळं डोक्यात शिरलं त्या ग्रेते प्रित्स किट्टेलसेन या नॉर्वेच्या सोनार-डिझायनरबद्दल मराठीत नीट टिपण काढायचं, कारण इथल्या आपल्या मराठी मंडळींसमोर मे महिन्यात अर्धा तास बोलायचं कबूल करून बसलेय.

सुरुवात झाली ती एका किटलीमुळे. इथे शाळांचे बँड पैसे जमवायला लोप्पेमार्केद भरवतात, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार, अख्खी शाळा कपबशा, पुस्तकं, स्की आणि खुर्च्यांनी भरलेली असते. सप्टेंबरात तिथे मला केशरी एनॅमलची एक किटली मिळाली, अंगावर ओळीने पांढऱ्या मोठ्या पाकळ्या. विकणाऱ्या आजोबांनी अगदी आदराने सांगितलं की ही ग्रेते प्रित्सची आहे. नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अगं कमळाची किटली छानच आहे, पण एनॅमल जपून वापर हं, टवका उडाला की संपलं, अण्णांचा पांढरा मग आठवतो ना निळ्या काठाचा?" आठवतो की. काठावर दोन काळे टवके होते आणि अण्णा रोज बरोबर त्यांच्या उलट्या बाजूने चहा प्यायचे.

आज वर्गात फक्त तांब्याच्या पट्ट्या साफ केल्या. ५ बाय ५ सेंटीमीटर. आधी तापवून मऊ केल्या, मग सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात, मग ब्रशने घासून नळाखाली. पाणी सपाट पसरलं तर तांबं साफ, थेंब गोळा होऊन पळाला तर अजून तेलकट. माझ्या सहापैकी दोन पट्ट्या पास झाल्या.

२१ जानेवारी

पहिली भाजणी. एनॅमल म्हणजे शेवटी काचच, आपण मीना म्हणतो तेच, रंगासाठी धातूंचे ऑक्साइड घातलेल्या काचेची पूड. गोंदाचं पाणी फवारायचं, चाळणीने पूड भुरभुरवायची, पूर्ण सुकू द्यायची आणि मग भट्टीत. साधारण ८०० अंशांवर दोन-अडीच मिनिटं. दाराच्या फटीतून बघत राहायचं असतं. आधी पूड काळपट होते, मग साखरेसारखी रवाळ, मग संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत, आणि मग एकदम पृष्ठभाग सपाट होऊन चमकायला लागतो तेव्हा बाहेर काढायचं. बाहेर आल्यावर रंग भलताच दिसतो, लाल काळा दिसतो, निळा जवळजवळ दिसतच नाही, थंड होताना एकेक रंग आपल्या जागी परत येतो. हे बघताना वर्गातले आठही जण गप्प उभे होते.

शिक्षिकेने एक गोष्ट तीनदा सांगितली म्हणून लिहून ठेवते. मागच्या बाजूलाही एनॅमल द्यायचं. तांबं आणि काच थंड होताना वेगवेगळ्या मापाने आकसतात, एकाच बाजूला काच असली की पत्रा वाकतो आणि काच तडकते. दोन्हीकडून दिलं की ओढ सारखी होते.

२५ जानेवारी, घरी

आज ग्रेतेच्या घराण्यावर बसले. दिवसभर बर्फ पडत होता त्यामुळे बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

गोष्ट १८३२ पासून धरायला हवी. त्या वर्षी याकोब तोस्त्रुप नावाच्या सोनाराने ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, आपला कारखाना काढला. १८९० मध्ये तो गेला आणि पुढे पेढी नात्यातल्या तोरोल्फ प्रित्सच्या हाती आली. हा तोरोल्फ मुळात आर्किटेक्ट आणि मग सोनार, ग्रेतेचे आजोबा. कार्ल योहान्स गाते या रस्त्यावर २५ नंबरला, संसदेच्या समोर, तोस्त्रुपची मोठी इमारत आहे, मी तिच्यासमोरून शेकडो वेळा गेलेय आणि कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

तोरोल्फच्या काळातलं नॉर्वेचं एनॅमल म्हणजे प्लिक-आ-जूर. यात मागे पत्राच नसतो, चांदीच्या तारेच्या जाळीत रंगीत काच भरतात, म्हणजे दागिन्याएवढी चर्चची खिडकीच म्हणा. काच मागे आधार नसताना टिकवायची म्हणजे एक कप करताना किती फुटले असतील. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तोस्त्रुपने हे काम नेलं होतं. ख्रिस्तियानियातच दाविद-आंदर्सनची पेढी होती, १८७६ ची, तिच्यासाठी बोहेमियातून आलेला गुस्ताव गाउदर्नाक डिझाइन करायचा, त्याचीही प्लिक-आ-जूरची कामं आजही लोक थांबून बघतात. एवढंसं शहर आणि त्यात ही चुरस.

तोरोल्फचा मुलगा याकोब प्रित्स, जन्म १८८६, ग्रेतेचे वडील. तेही सोनार, आणि कला-हस्तकलेच्या सरकारी शाळेत शिकवायचे, पुढे शाळेचे प्रमुख झाले. म्हणजे ग्रेतेला घरातही सोनारकाम आणि शाळेतही वडीलच. तिचा जन्म २८ जून १९१७. १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, ती सोनारकामाचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडली.

मला थांबावंसं वाटलं ते इथे. आपल्याकडे सोनाराच्या घरची पोर दुकानात बसली, हिशोब बघायला लागली तरी कौतुक होतं, पण ऐरणीवर आणि भट्टीसमोर सहसा मुलगाच. इथे १९३० च्या दशकात मुलगी रीतसर शिकली आणि पेढीची मुख्य डिझायनर झाली. मला याचा अगदी मनापासून आनंद झाला, तो इथे लिहून ठेवतेय.

४ फेब्रुवारी

तडकला. निळ्या पारदर्शक एनॅमलची पट्टी भट्टीतून छान आली, जाळीवर ठेवली, पाच मिनिटांनी टिक्-टिक् आवाज यायला लागला आणि डोळ्यांदेखत कोपऱ्यातून तड गेली. मागचं एनॅमल खूपच पातळ दिलं होतं मी. तीनदा सांगितलेलं होतं. परत पहिल्यापासून.

११ फेब्रुवारी

आज वर्ग नव्हता म्हणून नवीन राष्ट्रीय संग्रहालयात गेले, बंदराजवळचं, २०२२ मध्ये उघडलेलं. तळमजल्यावर डिझाइनच्या खोल्यांत दोन तास काढले.

एक अडचण आधी आली ती सांगते. मी घरी ग्रेते प्रित्स किट्टेलसेन या नावाने शोधत होते आणि १९५० च्या दशकातली तिची कामं सापडायचीच नाहीत, कारण तेव्हा तिचं नाव ग्रेते कोर्समो होतं. आर्किटेक्ट आर्ने कोर्समोशी तिचं लग्न १९४५ ते १९६० टिकलं. त्यामुळे बक्षिसांच्या यादीत ती ग्रेते प्रित्स कोर्समो, जुन्या कॅटलॉगांत कधी नुसती कोर्समो, आणि नंतरच्या लग्नानंतर किट्टेलसेन. बाई एकच, हातही तोच, कपाटं तीन. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला लागणार नाही. माझ्या स्वतःच्या डिग्रीवर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरं आहे, इथे नोकरी लागताना त्यापायी सहा आठवडे कागदपत्रं फिरत होती. टिपणात तिन्ही नावं पहिल्याच परिच्छेदात द्यायची, हे ठरलं.

आता वस्तूंबद्दल. आधी वाटलं होतं सोनार म्हणजे बारीक, गुंतागुंतीचं काम असणार. समोर होता वाडगा. चांदीचा, आतून पारदर्शक रंग, आणि त्या रंगाखाली धातूवर उठवलेल्या बारीक रेषा. पारदर्शक एनॅमलची गंमत ही की प्रकाश काचेतून खाली जातो, चांदीवर आपटतो आणि परत वर येतो, म्हणजे रंगातून तो दोनदा जातो. खालच्या धातूवर जे कोरलं असेल ते मग नुसतं दिसत नाही, आपण चालू लागलो की तेही हलतं. मी वाडग्याभोवती तीन चकरा मारल्या, एक छोटी मुलगी माझ्यामागून तशीच फिरली.

शेजारी दागिने. तिच्या दागिन्यांत १९५२ ची डॉमिनो नावाची चांदी-एनॅमलची अंगठी सगळ्यात ओळखीची आहे. व्हेनिसजवळच्या मुरानोतल्या पाओलो वेनिनी या काच-कारखानदाराच्या काचेबरोबर तिने केलेले चांदीचे दागिनेही आहेत, १९५० च्या दशकातले. पण मला वाडगे सोडवेनात.

१८ फेब्रुवारी

चांदीवर पहिला प्रयत्न. शुद्ध चांदीची चकती, दोन रुपयांच्या नाण्याएवढी. ९२५ ची चांदी स्वस्त पडली असती पण तिच्यात साडेसात टक्के तांबं असतं, ते तापलं की पृष्ठभागावर काळपट जांभळे डाग येतात आणि पारदर्शक रंगाखाली ते लपत नाहीत. शिवाय शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते आणि ९२५ ची ८०० च्या जरा वरच वितळायला लागते, एनॅमल बसतं ८०० ला. हातात किती अंश उरतात ते बघा. शिक्षिका म्हणाली की जुने सोनार भट्टीच्या रंगावरून हे ओळखायचे, त्यांच्याकडे आकडा दाखवणारा डिस्प्ले नव्हता.

लाल घेतला. शिक्षिकेने विचारलं नक्की ना, मी हो म्हटलं. बाहेर आला तो तपकिरी-पिवळा, चहा सांडून वाळल्यासारखा. पारदर्शक लाल थेट चांदीवर असाच वागतो, खाली आधी रंगहीन काचेचा थर द्यावा लागतो. दुसऱ्या चकतीवर थर दिला, वरून लाल, आणि डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग आला. अगदी तस्सा. फोटो काढून आईला पाठवला, तिने विचारलं हे कानातलं होईल का. होईल.

१ मार्च

आज खूप वेळ नुसती बसून राहिले कारण किटली ग्रेतेची नाही. म्हणजे कमळ तिचं नाही.

झालं असं की काथरिनेहोल्मबद्दल वाचत होते. हा हाल्देन शहराजवळचा कारखाना, आधी लोखंडाचा, मग एनॅमलच्या भांड्यांचा. १९५० च्या दशकात ग्रेतेने त्यांच्यासाठी काम सुरू केलं. वाडगे, पातेली, किटल्या यांचे आकार तिचे, रंग तिचे. आणि ती पाकळ्यांची लोटस नक्षी काढली आर्ने क्लाउसेनने, तोही त्याच कारखान्याचा डिझायनर. ग्रेतेला ती नक्षी आवडत नव्हती. तिचं म्हणणं आकार आणि रंग पुरेसे आहेत असं होतं. कारखान्याने नक्षी छापली, ती जगभर तुफान खपली, आणि आज जुन्या वस्तूंच्या बाजारात लोटस दिसलं की लोक ग्रेतेचं नाव घेतात.

मला क्लाउसेनला कमी लेखायचं नाही, पाकळ्या सुंदर आहेत, माझं स्वतःचं लक्ष त्यांनीच वेधलं होतं आणि या सगळ्यात मी पडले ती त्यांच्यामुळेच. पण नक्षीवरून नजर काढून किटलीची नुसती बाहेरची रेघ बघितली तेव्हा कळलं, चोच अंगातून कशी निघते, झाकण कुठे बसतं, उचलल्यावर वजन मनगटावर कसं येतं. हे सगळं तिचं. सहा महिने किटली वापरतेय आणि तिचं काम कुठलं तेच मला दिसलं नव्हतं. वाडग्यावर नक्षी नको असं जानेवारीत मी सहजच ठरवलं होतं, आता त्याला कारण मिळालं.

टिपणाचा मधला भाग आता हाच. एका सोनाराने आपलं सगळं शिक्षण साध्या स्टीलच्या भांड्यात घातलं आणि लोकांनी तिला दुसऱ्याच्या पाकळ्यांसाठी लक्षात ठेवलं.

४ मार्च

स्टीलवर एनॅमल कसं बसतं हे शिक्षिकेला विचारलं. वर्गात आम्ही करत नाही पण तिने कागदावर आकृती काढून दिली. मला सोपं वाटत होतं, स्टील काही ८०० ला वितळत नाही, मग भीती कसली. पण काच स्टीलला सहज धरत नाही, म्हणून खालचा पहिला थर कोबाल्ट ऑक्साइड घातलेला असतो, त्यामुळे पकड येते. दुसरी भानगड हायड्रोजनची. भाजताना ओलाव्यातून हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि थंड झाल्यावर, कधी तासांनी कधी दिवसांनी, बाहेर पडायला बघतो आणि काचेचे नखाएवढे, माशाच्या खवल्यासारखे टवके उडवतो. म्हणजे दुकानात चकचकीत दिसलेलं भांडं घरी गेल्यावर टवके टाकणार. त्यात मोठा आणि उथळ वाडगा असेल तर आकसण्याची ओढ आणखी.

याच प्रश्नांवर ग्रेते औद्योगिक संशोधनाच्या केंद्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांबरोबर बसली. पिढीजात पेढीची मुलगी, जिचा माल चांदीत विकला जायचा, ती प्रयोगशाळेत जाऊन विचारतेय की मोठ्या आकारावर रंग पक्का कसा बसेल आणि भांडं स्वस्तात कसं पडेल. चांदीतला वाडगा घेणारे मोजकेच, तोच रंग स्टीलवर आला तर तो स्वयंपाकघरात जाईल, हे तिला हवं होतं. मला तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो, बक्षिसांपेक्षा मोठा.

बक्षिसांचं एकदाच लिहून टाकते. १९५२ मध्ये लुनिंग पारितोषिक, स्कँडिनेव्हियातल्या डिझाइनचा तेव्हाचा मोठा मान, आदल्या वर्षी ते डेन्मार्कचा फर्निचर डिझायनर हान्स वेग्नर आणि फिनलंडचा डिझायनर तापिओ विर्काला यांना मिळालं होतं. १९५४ मध्ये मिलानच्या त्रिएन्नाले या डिझाइन प्रदर्शनात ग्रां प्री, म्हणजे तिथला सर्वोच्च मान.

१५ मार्च, हाल्देन

रविवारी ट्रेनने हाल्देनला जाऊन आले. ओस्लोहून दक्षिणेला, स्वीडनच्या हद्दीजवळ, दोन तासांच्या आत पोचतो. शहराच्या डोक्यावर फ्रेड्रिकस्तेनचा किल्ला, १७१८ मध्ये स्वीडनचा राजा बारावा कार्ल इथेच वेढ्यात गोळी लागून मेला. मी किल्ल्यावर चढले नाही, तिस्ता नदीच्या काठाने वर गेले, कारखाना तिकडचा. ही नदी लांबीने छोटी पण उतार जोरदार, त्या पाण्याच्या बळावरच इथे इतके कारखाने उभे राहिले. बर्फ वितळायला लागलेलं, पाण्याचा आवाज एवढा की फोनवर नवऱ्याला काय म्हणतेय ते ऐकू जाईना.

काथरिनेहोल्म १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलं. गावातल्या एका कॅफेत चहा घेतला, मागच्या फळीवर हिरव्या लोटसचे तीन डबे मांडलेले. कॅफेवाल्या बाईंना मी म्हटलं आकार ग्रेतेचे ना, तर त्या म्हणाल्या हो, आणि पाकळ्या क्लाउसेनच्या. इथे सगळ्यांना माहीत आहे. मला फार बरं वाटलं. येताना ट्रेनमध्ये त्यावरच विचार करत आले.

२९ मार्च

प्लानेतवैएन १२ बघायला गेले. शहराच्या पश्चिमेच्या डोंगरउतारावर, झाडीत. खासगी घर आहे म्हणून रस्त्यावरूनच, फोटोही काढला नाही. आर्ने कोर्समो आणि ग्रेते यांनी स्वतःसाठी बांधलेलं, १९५२ ते ५५ या काळात, शेजारी तरुण आर्किटेक्ट ख्रिस्तियान नूर्बर्ग-शुल्त्सचं. स्टीलचा सांगाडा, मोठ्या काचा. सगळीकडे लाकडी घरं आणि मध्येच ही सपाट छपराची रांग, त्या काळात लोक नक्कीच थांबून बघत असतील.

घराची मुळं अमेरिकेत. १९४९-५० मध्ये ग्रेते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये होती, मोहोली-नॉज या कलाकाराने बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या धर्तीवर काढलेली संस्था ती. कोर्समोही बरोबर. त्या मुक्कामात डिझायनर जोडपं चार्ल्स आणि रे ईम्स, आर्किटेक्ट मीस फान डेर रोहे या सगळ्यांच्या भेटी. कारखान्यात बनणारी वस्तूही हाताने केलेल्या वस्तूइतकीच विचार करून करता येते, हे ती तिथे शिकून आली असं मला वाटतं, कारण परत आल्यावरचं तिचं काम बघितलं तर एक पाय तोस्त्रुपमध्ये आणि एक कारखान्यात.

कोर्समो १९६८ मध्ये पेरूत, कुस्को शहरात वारले, त्याआधीच दोघं वेगळे झाले होते. घराबद्दलच्या लेखांत आर्किटेक्ट म्हणून सगळीकडे त्यांचं नाव येतं ते बरोबरच आहे. पण रोज काम करणारी सोनार त्याच घरात राहत होती.

८ एप्रिल

वाडग्याला हात घातला. एक मिलिमीटर जाडीची तांब्याची गोल थाळी, लाकडाच्या ओंडक्यातल्या खळग्यावर ठेवून हातोडीने कडेकडून मध्याकडे ठोकत जायचं. दर दोन फेऱ्यांनंतर तांबं कडक होतं, आवाज बदलतो, बोदा होता तो टणक होतो, मग पुन्हा तापवून मऊ करायचं. माझ्या गावच्या सोनाराच्या दुकानातून दिवसभर जो ठोक-ठोक यायचा त्याच्यात मध्येच शांतता का व्हायची ते मला आज, इतक्या वर्षांनी कळलं.

२२ एप्रिल

मनगट दुखतंय पण आकार आला. व्यास १३.८. आकार काढताना सारखी किटलीची रेघ डोळ्यासमोर होती. तळ सपाट ठेवायचा की गोल यावर अर्धा तास गेला. शेवटी नाण्याएवढा सपाट ठेवला, बाकी एकच वळण.

२९ एप्रिल

भट्टीत दोनदा घातला. बाहेरून गडद करडा, आतून पहिला थर रंगहीन. गोल भिंतीवर पूड घसरते, गोंदाचं पाणी जास्त झालं तर ओघळते आणि कमी झालं तर सुकून पडते. मी भिंत तिरकी धरून एकेक चतकोर केला. जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा कोपर लागून एक चतकोर सांडला, तो बिचारा इतका खजील झाला की मीच त्याला कॉफी आणून दिली. पुन्हा चाळून घेतलं.

६ मे

निळा. पारदर्शक, खाली तांबं आहे त्यामुळे चांदीवर दिसला असता तसा थंड नाही, जरा ऊबदार, संध्याकाळी सात वाजताच्या आभाळासारखा. दोन थर, ७९० अंश, प्रत्येकी तीन मिनिटं. जाळीवर ठेवला आणि दहा मिनिटं कान लावून उभी राहिले. आवाज आला नाही. वीस मिनिटं झाली तरी नाही.

काठाजवळ एक बारीक बुडबुडा अडकलाय. शिक्षिका म्हणाली घासून, भरून पुन्हा भाजता येईल, पण प्रत्येक भाजणीत रंग थोडा बदलतो. मी तो तसाच ठेवला. रंग मला हवा तोच आहे, त्याला आता हात लावायचा नाही.

२३ मे

आज बोलले. पंचवीसेक लोक होते, निम्मी मुलं. पाऊण तास झाला, कुणी उठलं नाही. आधी किटली दाखवली आणि विचारलं यात ग्रेतेचं काय, सगळ्यांनी पाकळ्या दाखवल्या. मग पाकळ्यांवर पांढरा रुमाल गुंडाळला आणि पुन्हा विचारलं. एक सातवीतला मुलगा म्हणाला, "मावशी, तोटी." त्याच्यानंतर मला फारसं समजवावं लागलं नाही. मग वाडगा हातोहात फिरवला, तडकलेली पट्टीही मुद्दाम नेली होती, आकसण्याचं सगळं गणित त्या एका पट्टीने समजतं.

एका काकांनी विचारलं की आपल्या मीनाकारीपेक्षा यात वेगळं काय. चांगला प्रश्न होता. काच तीच, भट्टी तीच, मी म्हटलं की मीनाकारीत रंग बहुतेक कोरलेल्या खणांत भरतात, फूल, पान, मोर, रंग त्यांच्यासाठी असतो. ग्रेतेने खण काढून टाकला आणि अख्ख्या भांड्यालाच एक रंग दिला. काका म्हणाले मग चूक लपवायला जागाच नाही. नाहीच ना, काका.

२५ सप्टेंबर २०१० ला ती गेली, ९३ वर्षांची होऊन, हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, म्हणजे मी इथे आले तेव्हा त्या होत्या की, याच शहरात. काकू १९९८ पासून इथे आहेत. शेवटी त्यांनी मला गाठून विचारलं की संग्रहालयात शोधताना कुठलं नाव घालू. चिठ्ठीवर तिन्ही लिहून दिली.

३१ मे

कोर्स संपला. उरलेली निळी पूड बाटलीत भरून तारीख घातली, पुढच्या वर्षी लागेल. पूड शिशाविरहित आहे पण तरी खायच्या ओल्या गोष्टी वाडग्यात ठेवणार नाहीये. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मग शोकेसमध्ये ठेवणार का?" नाही गं. ओट्यावर आहे, त्यात चार लिंबं आणि घराची किल्ली.